ताटाची डावी बाजू

अलिबाग, ४ डिसेंबर १९५५

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यास दाढ काढून घेतली, तेव्हापासून ही दैनंदिनी मिटून पडली होती. खंड पडण्याचे कारण दुखणे नव्हे, कंटाळा. आणि कंटाळा हे कारण मी माझ्या कोर्टात कोणाचेही ऐकून घेत नाही, तेव्हा स्वतःचेही घेऊ नये.

थकवा मात्र खरा आहे. सकाळी उठतो तो रात्रभर दगड वाहिल्यासारखा. दुपार कलली की अंगात कसर येते. सौ.ने कपाळाला हात लावून "ताप आहे" असा निकाल दिला. थर्मामीटर लावला तर पारा नव्व्याण्णवाच्या जरासा वर. ह्याला ताप म्हणत नाहीत.

कोर्टात रेवदंड्याचा डोलीच्या जागेचा दावा सुरू झाला. डोल म्हणजे समुद्रात खुंट ठोकून, प्रवाहाकडे तोंड करून बांधायचे पिशवीसारखे भले मोठे जाळे. खुंट कोठे ठोकायचे हा कोळ्यांत पिढीजात हक्क असतो. वादी सोनाबाई, अंबाजी कोळ्याची विधवा. प्रतिवादी तिचा धाकटा दीर बुधाजी. नवरा बुडून मेल्यावर दिराने तिच्या जागेत स्वतःचे खुंट ठोकले, असे ती म्हणते. तो म्हणतो, ही जागा माझीच. भावाची जागा दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी होती. तेथे आता गाळाशिवाय काही लागत नाही. वादातली जागा गेली तर सोनाबाईला जाळे विकून दुसऱ्यांची मासळी निवडायला जावे लागेल, असे तिच्या तरुण वकिलाने गहिवरून सांगितले. मी त्याला गहिवर फिर्यादीत लिहिता येत नसल्याची आठवण करून दिली.

९ डिसेंबर

सोनाबाईची साक्ष. बुधाजीच्या बाजूने प्रधान वकील. ते उलटतपासणीत विनोद करतात आणि स्वतःच हसतात.

"बाई, समुद्रावर तुमचं नाव लिहिलंय का कुठं?"

"तुमच्या घरावं तरी कुटं हाय? तरी सांजचे बरोबर त्याच घरात शिरता ना?"

कोर्ट हसले. मी हसणाऱ्यांना आणि तिला, दोघांनाही समज दिली. मग मीच विचारले, "जागा ओळखता कशी?"

"होडीत उभं ऱ्हायाचं, सायेब, तोंड गावाकडं. उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर. डाव्या हाताला सातखणी बुरूज. बुरजाच्या मागं येकलाच माड हाय, दोन शेंड्यांचा. बुरूज त्या माडाला पुरता झाकील तितं आमचा खुंट. सासऱ्याचा तितंच, त्याच्या बापाचाबी तितंच."

ही साक्ष तपासून पाहता येण्याजोगी आहे, हा तिचा एकमेव गुण. बुधाजीच्या खुंटांपाशी जायचे आणि पाहायचे. बुरुजाने माड झाकला असेल तर जागा बाईची, नसेल तर बाईचे म्हणणे गेले. इतका स्वच्छ प्रश्न वर्षातून एखाद्या दाव्यात मिळतो. स्थळपाहणीसाठी ३ जानेवारी ही तारीख दिली.

घरी येऊन जेवलो नाही, पडून राहिलो.

२० डिसेंबर

सौ.ने मला न विचारता डॉ. घट्ट्यांना बोलावले. नजमुद्दीन घट्टे, येथलेच, सभ्य गृहस्थ, पण प्रश्नांना शिस्त नाही.

"रावसाहेब, लहानपणी सांधे धरले होते कधी?"

मी म्हणालो, सातव्या-आठव्या वर्षी एक पावसाळा अंथरुणात काढला होता. प्रस्तुत तक्रारीशी त्याचा संबंध नाही.

"आणि दात वगैरे काढलात अलीकडं?"

ह्याचाही संबंध नाही. नळी छातीला लावून ते फार वेळ बसले. नंतर माझी बोटे उजेडाकडे धरली. नखांखाली बारीक तांबूस काड्यांसारख्या रेषा आहेत. मी म्हणालो, दुरुस्त्या तांबड्या शाईने करतो, तीच मुरली असेल. त्यांनी नख चोळून पाहिले. रेषा गेली नाही.

"रक्त मुंबईला पाठवून तपासून घेऊ या. आणि मेहेरबानी करून पंधरा दिवस रजा घ्या."

मी सांगितले, हा हिवताप आहे, ह्या किनाऱ्यावर सर्वांना होतो, मला क्विनीन द्यावे. त्यांनी दिले, पण चेहरा पाडून. दाराशी सौ.शी बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होते. रुग्णाला न ऐकू देता रुग्णाविषयी बोलणे मला असभ्य वाटते.

२७ डिसेंबर

परवा दुपारी उजव्या कानशिलामागे असा ठणका उठला की पुस्तक हातातून पडले. पाठोपाठ ओकारी. संध्याकाळी ओसरला. आता उरला आहे तो थकवाच, आणि त्याची सवय झाली आहे.

२९ डिसेंबर

घरातील शिस्त ढासळते आहे. दोन दिवस सौ. ताटाची डावी बाजू वाढायलाच विसरते. लिंबू नाही, चटणी नाही, कोशिंबीर नाही. उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात, संपले. आमच्या घरात माझ्या वडिलांनी चटणी कोशिंबिरीच्या जागी वाढलेली पाहून ताट परत पाठवल्याचे मला आठवते. मी बोललो.

"अहो, वाढली आहे की," ती म्हणाली.

"कोठे?"

तिने ताट उचलून थोडे फिरवले आणि समोर ठेवले. चटणी होती. हात फिरवता फिरवता तिने ती वाढली असावी. चूक कबूल करण्यापेक्षा ती झाकण्याकडे माणसाचा कल असतो, हे मी कोर्टात रोज पाहतो. घरात पाहावे लागेल असे वाटले नव्हते.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे जेवण तसेच राहिले.

३ जानेवारी १९५६

रेवदंड्याची स्थळपाहणी. सविस्तर लिहितो.

मोटारीने सकाळी पोचलो. होडी दोन्ही पक्षांशी संबंध नसलेल्या हमीद तांडेलाची घेतली होती. होडीत मी, शिरस्तेदार, सोनाबाई, बुधाजी, दोन्ही वकील. निघण्यापूर्वी मी सक्त ताकीद दिली: जागेवर पोचल्यावर कोणीही तोंड उघडायचे नाही, कोणीही बोट दाखवायचे नाही, मानेने खूण करायची नाही. न्यायाधीशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि त्याच्या पाहण्यात कोणाचा हात नसावा. सर्व स्थळपाहण्या ह्याच रीतीने झाल्या असत्या तर अपिलांची संख्या निम्मी झाली असती.

खुंटांपाशी हमीदने होडी धरली. मी तोंड गावाकडे करून बसलो. उजवीकडे कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा कोट, उन्हात धुतल्यासारखा स्पष्ट. त्याला लागून खाडीचे तोंड. मग पुळण, मासळी वाळत घातलेले बांबू, कोळीवाड्याची थोडी कौले. आणि तेथे किनारा संपला.

बुरूज नाही.

मी घाई केली नाही. डोळे मिटून पुन्हा उघडले. बुरूज नाही. तो गावात आहे हे मी नाकारत नाही, सकाळी त्याच्यावरूनच आलो. पण ह्या जागेवरून तो दिसत नाही. माडांच्या राईआड जात असावा. जो बुरूज दिसतच नाही तो माड कसा झाकणार?

लाटांनी तरुण वकिलाची अवस्था वाईट झाली होती. प्रधान आकाशाकडे बघत होते. सोनाबाई ओठ आवळून, पण समाधानाने बसली होती. तिचा निर्ढावलेपणा मोठा आहे. बुधाजी सुरुवातीस घामाने भिजला होता. मी शिरस्तेदारांच्या कानाशी वाकून टिपण सांगितले, "बुरूज ह्या स्थानावरून दृष्टीस पडत नाही," तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते निर्दोष माणसाचेच असू शकते.

किनाऱ्यावर उतरताना पायरी हुकली आणि डावा पाय पाण्यात गेला. डावी चप्पल वाहून गेली ती मोटारीत बसेपर्यंत कळले नाही.

५ जानेवारी

टिपण पक्षकारांना वाचून दाखवले. सोनाबाई आधी हसली. थट्टा चालली आहे असे तिला वाटले. मग उभी राहिली.

"सायेब, सात खणांचा बुरूज हाय. फिरंग्यांच्या वक्तापासून उबा हाय. रातोरात कुनी उचलून न्हेला?"

मी तिला कोर्टाच्या बेअदबीचा अर्थ समजावून सांगितला.

तिच्या वकिलाने फेरपाहणीचा अर्ज दिला. तो मी तेथेच फेटाळला, आणि दीड पानाचा हुकूम लिहिला. न्यायाधीशाच्या प्रत्यक्ष दर्शनावर संशय घ्यायचा तर पुरावा ह्या शब्दाला अर्थ राहत नाही, हे वाक्य मला चांगले साधले. शिरस्तेदार म्हणाले, "रावसाहेब, हल्ली समास फार रुंद सोडता." मी पाहिले, समास नेहमीइतकाच होता.

८ जानेवारी

आज सौ.ने मर्यादा सोडली. चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ सारे उजवीकडे, भाजीच्या मांडीला मांडी लावून! असे ताट श्राद्धालाही कोणी वाढत नाही. मी विचारले, हे काय?

"उजवीकडं वाढलं की जेवता तुम्ही."

"उजवे-डावे विसरलीस?"

ती पदर तोंडाशी धरून आत गेली. मी जेवलो. बऱ्याच दिवसांनी जेवणाला चव होती, हे नोंदवणे न्यायाचे होईल.

१७ जानेवारी

डॉ. घट्टे पुन्हा आले. माझ्या एका बाजूस उभे राहून, "किती बोटं?" असे काहीतरी विचारू लागले. मी जज्ज आहे, शाळकरी मुलगा नव्हे. "बुखार मेंदूपर्यंत जाईल, रावसाहेब," म्हणाले. मेंदू माझा आहे, त्याची बातमी मला आधी लागेल, असे मी उत्तर दिले. त्यांना दार दाखवले.

संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीमुळे मुंबईचे टपाल रेंगाळले आहे. निकालाची तारीख ७ फेब्रुवारी. मसुदा डोक्यात तयार आहे, हाताला मात्र उत्साह नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. कचेरीच्या फाटकाच्या खांबाला डावा खांदा लागला. काल घरच्या चौकटीला लागला होता. सदा पट्टेवाल्यास विचारले, दारे अर्धी का लावून ठेवतोस? म्हणाला, "उगडीच हायत, सायेब."

सर्वजण एकच वाक्य बोलतात. आहे की. उघडे आहे. होते तेथेच आहे.

२ फेब्रुवारी

थंडी वाजून येते. मसुदा लिहायला बसलो. सोनाबाई आणि बुधाजी ह्यांत वादी कोण हे दोनदा पाहावे लागले. शब्द सापडतो तोवर वाक्य निघून गेलेले असते. वडील समोर बसले होते, जेवायला बसल्यासारखे. ते वारून बरीच वर्षे झाली हे मला ठाऊक आहे आणि तरी मी त्यांना पाट दिला.

५ फेब्रुवारी

ताट परत पाठवा. डावीकडे

मुंबई, ११ मार्च

सौ. सांगते त्यावरून लिहितो, म्हणजे ऐकीव आहे. सात फेब्रुवारीस मी व्यासपीठावर चढलो, निकालपत्र उघडले आणि वाचण्याऐवजी शिरस्तेदारांस विचारले, "भात कोणी वाढला?" मग कोसळलो. डॉ. घट्ट्यांनी मला रेवसपर्यंत मोटारीतून आणि तेथून लाँचने स्वतः मुंबईस आणले. आठवडाभर मी कोणालाही ओळखत नव्हतो. हात बांधून ठेवावे लागत. ह्यातले काहीही मला आठवत नाही. त्या आठवड्याचा मी साक्षीदार नाही.

आता दिवसभर पेनिसिलिनची सुई. टोचायला जागा उरलेली नाही. बोलायचाही कंटाळा येतो.

१४ मार्च

येथील तरुण डॉक्टर नेमके बोलतात, म्हणून त्यांचे म्हणणे उतरवतो. लहानपणी सांध्यांच्या तापाने हृदयाची एक झडप खडबडीत झाली होती. दाढ काढली तेव्हा तोंडातले जंतू रक्तात शिरले आणि त्या झडपेवर त्यांनी घर केले. तेथून ते महिनोन्महिने रक्तात उतरत राहिले. ताप तो, थकवा तो, नखांतल्या रेषाही त्याच. शेवटी त्या विषाने सारा मेंदू झाकोळला आणि भ्रम झाला. त्याआधीच, डिसेंबरअखेरीस, झडपेवरचा एक कण सुटून मेंदूच्या उजव्या मागच्या भागात जाऊन अडकला होता. तो भाग मेला.

"तिथं दृष्टीचं काम चालतं. तुम्हाला दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं अर्धं जग दिसत नाही."

मी म्हणालो, हे अशक्य आहे. अर्धे जग काळे झाले तर मला कळले असते.

"काळं होत नाही, साहेब. काळं दिसायलाही तो भाग लागतो. ते नसतंच. बरं सांगा, आत्ता तुमच्या पलंगाशी कोण कोण आहे?"

मी सांगितले: आपण, आणि परिचारिका.

डाव्या बाजूने कोणी माझा हात हातात घेतला. मान वळवली. सौ. होती. सकाळपासून तेथेच बसली होती म्हणे.

डॉक्टर म्हणाले, गेलेली दृष्टी परत येणार नाही. मान वळवायची सवय करा.

१५ मार्च

मी सौ.ला विचारले, तुला केव्हा कळले?

"चटणी राहायला लागली तेव्हा. रोज डावी बाजू तशीच. उजवीकडं वाढून बघितली, तर खाल्लीत."

"मग सांगितले का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मी उजवं-डावं विसरले."



२५ मार्च

शिरस्तेदार भेटीस आले. शहाळी घेऊन. नवे न्यायाधीश नेमले आहेत, एकतीस-बत्तीसचे, उत्साही. शिरस्तेदार कौतुकाने म्हणाले, "रेवदंड्याच्या दाव्यात त्यांना काहीच करायचं उरलं नाही. रावसाहेबांचं स्थळपाहणीचं टिपण आहे, आणखी काय पाहिजे, असं म्हणाले. एप्रिलअखेर निकाल."

ते गेल्यावर मी डोळे मिटून ती होडी पुन्हा उभी केली. कोर्लई. खाडी. पुळण. थोडी कौले. तेथे किनारा संपला. किनारा असा मध्येच कसा संपेल, हे मी विचारले नव्हते.

३१ मार्च

पाच दिवस विचार करतो आहे आणि विचारानेही दमतो.

मी गप्प राहिलो तर कोणाचा नियमभंग होत नाही. दावा माझ्याकडे नाही. डॉक्टर म्हणतात ते डिसेंबरअखेरीचे, पण तारीख शपथेवर सांगणार नाहीत. तीन जानेवारीला मला दिसत होते असे मी म्हटले, तर खोडून काढणारा कोणी नाही.

बोललो, तर वैद्यकीय मंडळ माझे डोळे तपासील आणि नोकरी संपेल. सहायक न्यायाधीशाच्या जागेवर माझी बढती उन्हाळ्यात व्हायची होती. डिसेंबरपासून दिलेल्या प्रत्येक निकालावर अपील होईल, आणि प्रत्येकात लिहिले जाईल की न्यायाधीशाचे चित्त ठिकाणावर नव्हते. एकोणीस वर्षांत माझा एकही निकाल वरच्या कोर्टाने शब्दासाठीसुद्धा फिरवलेला नाही.

सौ.ला विचारले नाही. ती माझ्या डाव्या बाजूस बसून भाजी निवडत होती. मान वळवली की दिसते.

अलिबाग, १२ एप्रिल

घरी येऊन चार दिवस झाले. डॉक्टरांचे मत म्हणजे मत. बुरूज दिसतो की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. म्हणून आज रेवदंड्यास गेलो. हमीद तांडेलाचीच होडी घेतली. सोनाबाईला कळवले नाही. पक्षकाराशी भेट अनुचित. सौ. बरोबर आली, बोलावले नसताना.

खुंटांपाशी होडी थांबली. बुधाजीची डोल प्रवाहात फुगली होती. मी तोंड गावाकडे केले. कोर्लई, खाडी, पुळण, कौले. किनारा संपला.

मग मान डावीकडे वळवली. दाराआडून कोणी पुढे यावे तसा तो आला. काळा, उंच, माथा फुटलेला, सात खणांचा. राईच्या पार वर. तो आंधळ्यालाही दिसला असता असे लिहिणार होतो.

त्याच्या मागे माड नव्हता. हमीदला होडी थोडी उत्तरेला न्यायला सांगितली. बुरुजाच्या कडेमागून आधी एक शेंडा निघाला, मग दुसरा. परत खुंटांपाशी आणली. माड पुरता झाकला गेला.

हमीद म्हणाला, "त्या दिवशी आपन मान हलवलीच नाही, साहेब. आमाला वाटलं, जज्जलोक बघितल्याबिगरच वळखतात."

"मग बोलला का नाहीस?"

"बंदी व्हती ना. आपलीच."

परतताना फार थकलो. सौ.च्या खांद्याला धरून उतरलो.

१४ एप्रिल

जिल्हा न्यायाधीशांस अर्ज पाठवला: मी, नरहर केशव देवस्थळी, कळवतो की तीन जानेवारीस माझी दृष्टी शाबूत नव्हती, सबब माझे टिपण पुराव्यातून वगळावे. चार वेळा लिहून पाहिले. ह्याहून लहान होत नाही.

२३ एप्रिल

ज्या कोर्टात बसत होतो तेथे आज पिंजऱ्यात उभा राहिलो. नव्या न्यायाधीशांनी खुर्ची देऊ केली; मी नको म्हणालो आणि लगेच पस्तावलो. प्रधान उलटतपासणीस उठले. विनोद केला नाही.

"रावसाहेब, तीन जानेवारीला आपल्याला डावीकडचं दिसत नव्हतं?"

"नव्हते."

"दिसत नाही हे तेव्हा आपल्याला ठाऊक होतं?"

"नव्हते."

"मग आज जे दिसत नसेल ते आपल्याला आज ठाऊक आहे, हे कोर्टानं कशावरून मानावं?"

प्रश्न उत्तम होता. प्रधानांनी माझ्यासमोर विचारलेला हा पहिलाच उत्तम प्रश्न. मी म्हणालो, "मानू नये. माझे टिपणही मानू नये आणि आजची साक्षही. न्यायालयाने स्वतः जागेवर जावे. आणि जाईल तेव्हा साक्षीदारांना बोट दाखवू द्यावे."

न्यायाधीशांनी बुधाजीला उभे केले. त्या जागेवरून बुरूज दिसतो की नाही?

"दिसतो, सायेब."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तोंड उगडायची बंदी व्हती. आन् जज्जसायेबच बोलले बुरूज न्हाय, तं मी कंचा सांगनारा, हाय म्हून?"

सारे कोर्ट हसले. समज द्यायला मी आता अधिकारी नव्हतो.

बाहेर ओसरीवर आवाज आला, "हिकडं, सायेब. हिकडं बगा." वळलो. सोनाबाई, डोक्यावर रिकामी टोपली.

"आता दिसले मी?"

"दिसलात."

"तवा मना खोटारडी बोल्लाव."

मी सांगितले की टिपणात 'अविश्वसनीय' असा शब्द आहे, 'खोटारडी' नाही.

"आमच्यात दोनीचा मार येकच लागतो," ती म्हणाली, आणि निघून गेली. 

३० एप्रिल

नवे न्यायाधीश जागेवर जाऊन आले. निकाल लागला: जागा सोनाबाईची, बुधाजीने खुंट काढून घ्यावेत. नुकसानभरपाईची तिची मागणी अतिशयोक्त म्हणून फेटाळली. ती तशी होतीच. निकालपत्राची नक्कल वाचली. निष्कर्ष योग्य, तिसऱ्या परिच्छेदातील वाक्य सैल आहे.

माझी सेवानिवृत्ती मंजूर झाली. माझ्या दोन निकालांवर अपिले दाखल झाल्याचे शिरस्तेदारांनी सांगितले. त्यांनी 'रावसाहेब' म्हटले, पण बसले नाहीत.

६ मे

सामान बांधून झाले. उद्या पुण्यास प्रयाण.

सौ. हल्ली रस्त्याने नेहमी माझ्या डाव्या बाजूने चालते. गाड्या त्या बाजूने अंगावरून जातात, धूळ तिच्यावर उडते. कडेने चालावे हे मी तिला दोनदा सांगितले. ऐकत नाही.

सकाळी हमीद तांडेल एक नारळ देऊन गेला. "सोनाबाईनं दिलाय. त्याच माडाचा, दोन शेंड्यांच्या." पक्षकाराकडून काही घेणे मला सर्वस्वी अमान्य आहे, परत पाठवण्यास सांगून मी पडून राहिलो. जेवायला बसलो तेव्हा करवंटी चुलीशी दिसली.

"परत पाठवायला सांगितला होता," मी म्हणालो.

"तुम्ही आता जज्ज नाही," सौ. म्हणाली. वाढता वाढताच म्हणाली, वर न बघता.

ताटात भात होता, उजवीकडे भाजी आणि आमटी. दुसरे काही नव्हते. तिने पुन्हा पूर्वीसारखे, रीतीप्रमाणे वाढायला सुरुवात केली होती. मी मान वळवली. कोशिंबीर, आणि तिच्याशेजारी पांढरी, ताजी चटणी.

खाल्ली. मीठ थोडे कमी होते. तिला बोललो नाही; मान आणखी थोडी वळवून मीठ घेतले.